सगळ्यांत स्वस्त

कामियुरा, १२ मे २००५

ताई,

बांगडे पोचल्याचा तुझा फोन आला, पण फोनवर तू बोलतेस आणि मी ‘हं, हं’ करतो, ही आपली जुनी रीत. म्हणून सांगायचं राहिलं ते लिहून पाठवतोय.

आपलं गाव आता गाव राहिलं नाही. एप्रिलपासून सरकारने आपल्याला शहराच्या महापालिकेत ढकललं. गावाच्या कचेरीवर ‘शाखा कार्यालय’ अशी नवी पाटी लागली. आत माणसं तीच, पाणचट चहा तोच. मला वाटलं, चला, नावापुरताच फरक. पण परवा कचेरीतले ओनो-सान आले आणि जोडे काढून आत यायच्या ऐवजी दारातच उभे राहिले. म्हणाले, गावात सूचना ऐकवणारे सगळे भोंगे जुने झालेत, ते उतरवून नवी यंत्रणा बसवायची आहे. आणि काम टेंडरने जाणार.

आजवर कसं चालायचं ते तुला ठाऊक आहे. भोंगा बंद पडला की देवळाखालच्या कुवा आजी फोन करायच्या, “मोरिओ, डोंगरावरचा घसा बसलाय बघ.” मी शिडी घेऊन निघायचो. कागदपत्रं मागाहून. आपल्या खाडीत आवाज दोन्ही डोंगरांवर आपटून परत येतो. भोंगे लागले त्या पहिल्या वर्षी ते नुसते केकाटायचे, एक शब्द कळत नव्हता. म्हणून मी दुकानात खपून ते यंत्र बनवलं, एका डोंगरावरचा भोंगा बोलून झाला की समोरचा जरा थांबून बोलतो. तेव्हापासून त्सुनामीचा इशारा असो, हरवलेले आजोबा असोत की रानात दिसलेलं अस्वल असो, घराघरात शब्द न् शब्द कळतो. याच एका कामावर आमचं दुकान उभं आहे. मी, तुझी भावजय तामाए, आणि इवाकी व नोसे हे दोघे कारागीर, दोघेही बायकापोरांचे. हे गेलं तर टीव्ही दुरुस्त करून चौघांची पोटं भरत नाहीत.

टेंडरमध्ये शहरातली मोठी कंपनी उतरणार आहे, आणखीही दोघं-तिघं असतील. महापालिकेच्या यादीत माझं दुकान ‘क’ वर्गात आहे, म्हणजे शेवटच्या बाकावर. तरी या खेपेला स्थानिकांनाही भाग घेऊ देणार आहेत म्हणे. मी जन्मात टेंडर भरलेलं नाही. कधी वेळच आली नाही. तू ओसाकातली धंदेवाली. सांग, काय करू?

तुझा
मोरिओ

*

ओसाका, १९ मे २००५

मोरिओ,

वाचून हसू आलं आणि रागही आला. अठ्ठावन्न वर्षांचा घोडा झालास आणि ‘ताई, काय करू’ विचारतोस. बरं झालं विचारलंस. तुझ्या गावात सगळे साधेभोळे, एकमेकांना सुकवलेला म्हाकूळ देऊन कामं करून घेतात. त्याला धंदा म्हणत नाहीत, शेजारधर्म म्हणतात.

आता ऐक. टेंडर म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, बाजार आहे. आणि बाजारात एकच गोष्ट चालते. आमच्या गल्लीत कुणाला म्हणावं, काय सुंदर कोट आहे तुमचा, तर ती बाई थँक्यू म्हणत नाही, कितीला मिळाला ते सांगते, आणि समोरचीने “एवढा स्वस्त?” म्हटलं की दिवसभर खूश असते. आमच्या भांड्यांच्या दुकानासमोर तो मोठा सुपरबाजार उघडला तेव्हा तुझे भावोजी हातपाय गाळून बसले होते. मी काय केलं? कढया मुद्दलात विकल्या. झारे तर मुद्दलाच्याही खाली. वर्षभर आमटी-भात खाल्ला. लोक रांग लावून आले. आज भावोजी नाहीत, सुपरबाजार नाही, मी आहे.

तेव्हा कमी कर. तुला वाटेल पुरे झालं, तिथून आणखी कमी कर. मोठ्या कंपनीला साहेबांचे पगार असतात, गाड्या असतात, त्यांना एका मर्यादेपलीकडे उतरता येत नाही. तुझ्याकडे काय आहे? एक शिडी आणि तामाए. तू भिडस्त आहेस, तुला भाव सांगताना लाज वाटते, तीच इथे कामाला येऊ दे. स्वस्त देणाऱ्याला आजवर कुणी दारातून हाकललेलं मी पाहिलं नाही.

बॉनला पितरांचे दिवे लावायला मी येतेच आहे. तोवर काम मिळालेलं पाहिजे. तामाएला सांग, तिने पाठवलेले बांगडे मी शेजारणीला चाखवले, तिला वाटलं महागातल्या दुकानातले. मी म्हटलं, फुकट आलेत.

ताई

*

कामियुरा, ३० जून २००५

ताई,

तुझं पत्र दुकानात सगळ्यांना वाचून दाखवलं. नोसे म्हणाला, तुमच्या ताईंना महापौर करा.

आकडा ठरला. तामाए आणि मी आठवडाभर बसलो. आधी नफा काढून टाकला. मग माझा पगार काढला. तामाए म्हणाली, “मग माझा कशाला ठेवताय, शोभेला?” तोही काढला. इवाकी आणि नोसे यांच्या पगाराला मात्र हात लावला नाही, पोरांची शाळा आहे. ते थांबून बोलायचं यंत्र तर मी धरलंच नाही किमतीत. ते माझ्या घरचंच, त्याचे काय पैसे लावायचे? काम हातात राहिलं तर पुढची वीस वर्षं देखभाल आपल्याकडे, दोन वर्षं ओढाताणीची गेली तरी चालेल. एवढं करून जो आकडा उरला तो बघून मला स्वतःलाच वाटलं, हा माणूस वेडा आहे. पण तुझा शब्द आठवला, वाटेल पुरे तिथून आणखी कमी. आणखी कमी केला.

महापालिकेत सगळ्या ठेकेदारांची बैठक झाली. मी लग्नातला सूट घालून गेलो होतो. बाकीच्यांकडे चाकांच्या बॅगा. नियमांचं एक जाडजूड पुस्तक दिलं. तामाए म्हणाली, वाचा एकदा. वाचलंही थोडं, पण डोळे मिटायला लागले. मी तिला म्हटलं, जास्त मागणाऱ्याला नियम आडवे येतात, आपण कमी मागतोय, आपल्याला कोण अडवणार?

तू मिलमध्ये काम करून मला तंत्रशाळेत घातलंस तेव्हा बाबा म्हणाले होते, कोळ्याच्या पोराने तारा जोडून काय होणार. तुझं ऐकून माझं कधी वाईट झालं नाही, ताई. आताही होणार नाही.

मोरिओ

*

कामियुरा, २८ जुलै २००५

ताई,

काम मिळालं नाही. शहरातल्या कंपनीला गेलं. त्यांनी आपल्यापेक्षा कमी आकडा टाकला होता. थोडक्यात हुकलं.

बॉनला या वर्षी येऊ नकोस. दुकानात आवराआवर चालली आहे, तुझी नीट सोय होणार नाही. आई-बाबांचे दिवे आम्ही लावू.

मोरिओ

*

ओसाका, २ ऑगस्ट २००५

मोरिओ,

दोन दिवस मी नुसती धुसफुसत होते. गिऱ्हाईकांनाही तोडून बोलले.

थोडक्यात हुकलं म्हणजे काय? म्हणजे थोडं आणखी उतरला असतास तर मिळालं असतं. मी काय लिहिलं होतं? पुरे वाटेल तिथून आणखी खाली. तू उतरला नाहीस. शेवटच्या क्षणी घाबरलास, मला डोळ्यांसमोर दिसतंय. लहानपणी धक्क्यावरून उडी मारायची म्हटली की तू काठापर्यंत धावत यायचास आणि तिथे बूड टेकायचास. तसाच राहिलास. आणि आता त्या बॅगावाल्यांनी तुझं तीस वर्षांचं काम चोरलं.

मला रडू येतंय म्हणून मी ओरडतेय हे तुला कळतं ना? मी लांब बसून आणखी काय करू शकते? तिथे असते तर तुझा हात धरून मीच आकडा लिहिला असता.

बॉनला ये म्हणत नाहीस तर नाही येत. पण आईच्या दिव्याजवळ तिला सांग, की ताईने बजावलं होतं, मीच ऐकलं नाही.

इसुझु

*

कामियुरा, २५ ऑगस्ट २००५

ताई,

तुझं खरं आहे. घाबरलो. सांगितलं आईला.

थोडं काम मिळालंय. जिंकलेल्या कंपनीला जुने भोंगे उतरवायला इथला माणूस हवा होता, डोंगरातल्या वाटा त्यांच्या लोकांना माहीत नाहीत. त्यांनी मला विचारलं. माणसं चांगली आहेत, दुपारचा डबासुद्धा देतात. सप्टेंबरपासून सुरू करायचं. नोसे म्हाकुळाच्या होडीवर जाणार, त्याच्या मेव्हण्याची आहे. इवाकीचं बघतोय.

उन्हाळा फार आहे, दुकानात पंखा लावून बस.

मोरिओ

*

कामियुरा, २ ऑक्टोबर २००५

वन्सं,

मी तुम्हाला कधी पत्र लिहीत नाही. नव्या वर्षाचं कार्ड सोडलं तर लिहिण्याचं काम यांचं. हे पत्र यांना न सांगता लिहितेय. वाचून रागावलात तरी चालेल, मीही तुमच्यावर दोन महिने रागावलेली आहे.

हे तुमच्याशी खोटं बोलले. दुसऱ्या कुणी कमी आकडा टाकलेला नव्हता. यांचाच सगळ्यांत कमी होता.

पाकिटं उघडली तेव्हा मीही मागच्या खुर्चीवर होते. एकेक आकडा मोठ्याने वाचला. यांचा वाचला तेव्हा सगळ्यांनी वळून पाहिलं, आणि यांनी हळूच माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मग महापालिकेच्या खरेदी विभागातल्या एका तरुण साहेबाने पाणी प्यायलं आणि सांगितलं, हा आकडा किमान मर्यादेच्या खाली आहे, म्हणून बाद. तशी एक मर्यादा असते म्हणे. साहेबांनी आधीच ठरवून बंद पाकिटात ठेवलेली. तिच्याखाली कुणी उतरलं तर तो काम नीट करणार नाही, कच्चा माल वापरणार, मजुरांना नागवणार असं धरतात आणि त्याला काढून टाकतात. त्या जाड पुस्तकात ते लिहिलेलं होतं. बाकी सगळ्यांना माहीत होतं, त्यांचा हा रोजचाच धंदा.

बाहेर जिन्यात तो साहेब आमच्या मागे धावत आला. वाकून वाकून माफी मागत होता, पोराचे डोळे भरले होते. म्हणाला, हा नियम तुमच्यासारख्या लहान दुकानांसाठीच केलाय हो, मोठ्यांनी भाव पाडून तुम्हाला मारू नये म्हणून. हे त्यालाच धीर देत म्हणाले, “छान नियम आहे, साहेब.”

घरी येताना गाडीत एकच वाक्य बोलले, ताईला कळता कामा नये. तिने सांगितलं म्हणून मी उतरलो हे तिला कळलं तर ती जेवणार नाही.

मग तुमचं पत्र आलं. घाबरलास, बूड टेकलंस, ऐकलं नाहीस. यांनी मला वाचून दाखवलं, हसत हसत. म्हणाले, बघ, ताईला शंकासुद्धा नाही आली. आणि दुकानात जाऊन आतून कडी लावली. बॉनच्या रात्री खरंच आईंच्या दिव्यापुढे हात जोडून म्हणाले, मी ताईचं ऐकलं नाही. मी शेजारीच बसले होते, वन्सं. मला वाटलं, दिवा फेकून द्यावा.

आता रोज स्वतःचेच भोंगे उतरवून ट्रकमध्ये भरतात. संध्याकाळी जेवण अर्धवट टाकून उठतात. तुमच्या पत्राची मात्र वाट बघतात. मला तुमच्याकडून माफी नको. सांत्वनही नको. फक्त यापुढे तसं पत्र लिहू नका. यांना आणखी एक सोसणार नाही, आणि मलाही नाही.

तामाए

*

ओसाका, ६ ऑक्टोबर २००५

तामाए,

तू रागावलीस ते योग्यच केलंस. आणखी रागाव.

तुझं पत्र मी उभ्या उभ्या वाचलं आणि दुकानाचं शटर भर दुपारी ओढलं. इतक्या वर्षांत भावोजी गेले तेव्हाच ओढलं होतं. आयुष्यभर मी लोकांना अक्कल विकली. कढया मुद्दलात विकल्या त्या माझ्या होत्या, नुकसान माझं होतं. माझ्या भावाचं घर मी कोणत्या तोंडाने मुद्दलाखाली विकायला लावलं? आणि वर त्यालाच भित्रा म्हटलं. आईच्या दिव्यापुढे त्याला खोटं बोलायला लावलं. मला स्वतःची शिसारी येते.

गाडी पकडून येऊन त्याच्या पाया पडावं असं वाटतंय. पण तसं केलं तर त्याने माझ्यासाठी जे एवढं सांभाळलं ते मी त्याच्याच हातून हिसकावल्यासारखं होईल. त्याच्याकडे आता देण्यासारखं तेवढंच उरलंय. म्हणून मला काही माहीत नाही. तूही हे पत्र चुलीत घाल. त्याला मी वेगळं, नेहमीसारखं लिहितेय.

त्याला जेवायला घाल.

इसुझु

*

ओसाका, ६ ऑक्टोबर २००५

मोरिओ,

कसा आहेस? इकडे हवा छान पडली आहे. समोरच्या घरातल्या पर्सिमनला फळं लागलीत, पण ती म्हातारी कुणाला हात लावू देत नाही.

डोंगरावर आता वारा सुटेल म्हणून लोकरीची बंडी पाठवतेय. राखी रंगाची आहे, मळली तरी दिसायची नाही. आतून घालत जा, लाजू नकोस. तामाएसाठी नवी कढई आहे, हलकी आहे, तिचं मनगट दुखतं ना.

मागच्या पत्रात फार बोलले. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे, मनावर घेऊ नकोस. जे झालं ते झालं. शिडीवर चढताना सांभाळून. जमलं तर हिवाळ्यात दोघं इकडे या, मी वरची खोली रिकामी करते. हवं तेवढे दिवस राहा.

ताई

*

कामियुरा, २० नोव्हेंबर २००५

ताई,

बंडी नेमकी बसली. ऊब आहे.

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं आणि मग तामाएकडे बघितलं. ती उठून मोरीत गेली. तू बंडी पाठवलीस, कढई पाठवलीस, आणि दोन्ही कितीला पडल्या ते लिहिलं नाहीस. ओसाकाला गेल्यापासून तू पाठवलेली एकही वस्तू किंमत कळवल्याशिवाय आलेली नाही. भावोजी गेल्याचं कळवलंस त्यातही फुलांचा भाव होता. तेव्हा मला कळलं की तुला कळलंय. आता दोघांनी माहीत नसल्याचं सोंग करायला नको. तामाएला मी काही बोललो नाही, तूही बोलू नकोस.

तू मला फसवलं नाहीस, ताई. पुस्तक मला दिलं होतं, मी वाचलं नाही. मला वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. माणूस इतक्या कमी पैशांत काम मागतो म्हणजे तो लबाडच असणार, असं त्या कागदावर धरलेलं आहे. आपल्या गावाचं आहे म्हणून मागतो, हे तिथे कुठे लिहायचं? तेवढी एक ओळ असती तर मी लिहिली असती. आपण दोघांनी मिळून मला इतकं स्वस्त केलं, की कुणाला घेताच आलं नाही.

मागच्या आठवड्यात शेवटचा भोंगा उतरवला. दुकान या महिनाअखेरीस बंद करतोय. इवाकी नोकरीसाठी तोयामाला गेला, बायकापोरं इथेच. मला शहरात एका गोदामात रात्रीच्या राखणीचं काम मिळेल असं ओनो-सान म्हणतात.

नवे भोंगे लागलेत, दिसायला देखणे आहेत. पण खाडीत दोन्ही डोंगरांवरून एकदमच बोलतात. मी कंपनीला म्हटलं, माझं थांबून बोलायचं यंत्र जोडून देतो, पैसे नकोत. त्यांनी महापालिकेला विचारलं. उत्तर आलं, फुकट दिलेलं घेता येत नाही, आणि आवाज मोजून पाहिलाय, नियमात आहे. कुवा आजींनी नेहमीसारखा फोन केला, “मोरिओ, काही कळत नाही रे.” मी म्हटलं, आजी, आता मला हात लावता येत नाही. त्या म्हणाल्या, “मग आमचा होता तो कशाला उतरवलास?”

काल सकाळी भोंगे काहीतरी बोलले. बराच वेळ बोलत होते. गल्लीत सगळ्यांनी खिडक्या उघडल्या आणि एकमेकांना विचारायला लागले, काय म्हणाला, काय म्हणाला. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पण खिडकीतच उभा होतो, ताई, कान देऊन. मलाही नाही कळलं.

तुझा
मोरिओ